डबा लपवायचाय? आधी भिंत कुणाची ते विचारा

सुट्टी लागली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ‘ट्रेझर हंट करूया का?’ हा मेसेज पडतोच. आणि पुण्यात ट्रेझर हंट म्हटलं की बोट आपोआप पेठांकडे वळतं. बोळ आहेत, वाडे आहेत, भिंतींत कोनाडे आहेत, पिंपळाचे पार आहेत. लपवायला आणि शोधायला याहून चांगली जागा कुठली? त्यातही कसबा पेठ म्हणजे पुण्याचं मूळ गावठाण. या ट्रेझर हंटचा जगभर खेळला जाणारा, वर्षाचे बाराही महिने चालू असणारा मोठा भाऊ म्हणजे जिओकॅशिंग. खेळ झकास आहे, फुकट आहे, स्क्रीनवरून उठवून रस्त्यावर आणणारा आहे. आपल्याकडे तो अजून विरळ असल्यामुळे त्याच्यासाठी म्हणून वेगळं धोरण कुठे दिसत नाही. आणि जिथे नियम लिहिलेला नाही तिथे परवानगी आहे, असा अर्थ आपण फार पटकन काढतो. आज बोलायचंय ते याबद्दल.

ज्यांच्या कानावर हे नाव पहिल्यांदाच पडतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक छोटा, पाणी न शिरणारा डबा कुठेतरी लपवतो. आत एक वही, कधी पेन, कधी चार फुटकळ वस्तू. त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीचे मोबाइल किंवा जीपीएस घेऊन निघतात, डबा शोधतात, वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवतात. वस्तू उचललीत तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची दुसरी ठेवायची. बस्स, एवढाच खेळ. जे खेळत नाहीत त्यांना हे लोक हॅरी पॉटरच्या भाषेत ‘मगल’ म्हणतात आणि मगलांच्या नजरेत न येता डबा काढणं हीच त्यातली मजा मानतात.

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेने आपल्या जीपीएस सिग्नलमध्ये नागरिकांसाठी मुद्दाम घातलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. तोवर शंभर मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एका रात्रीत नेमकी जागा दाखवायला लागलं. ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या संगणक-अभियंत्याने हे तपासायला रानात एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या खेळाची आजची मुख्य वेबसाइट सुरू झाली. गंमत म्हणजे तिचा पूर्वज दीडशे वर्षं जुना आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून लोक ‘लेटरबॉक्सिंग’ खेळतात. तिथेही डबे लपवायचे आणि शोधायचे. आणि तिथल्या खेळाडूंनी बनवलेल्या आचारसंहितेतला एक ठळक नियम असा आहे, की पुरातन अवशेषात, भिंतीत, पडक्या बांधकामात डबा ठेवायचा नाही. म्हणजे हा धडा खेळाला जीपीएसच्या आधीच मिळालेला आहे.

जिओकॅशिंगच्या वेबसाइटचे स्वतःचे नियमही ढिले नाहीत. जागेच्या मालकाची किंवा ती जागा सांभाळणाऱ्याची परवानगी हवी. मालकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय जमिनीत खणायचं नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. खाण्याचे पदार्थ, शस्त्रं, दारू, अमली पदार्थ ठेवायचे नाहीत. प्रत्येक नवा डबा जाहीर होण्याआधी एक स्वयंसेवक तो तपासतो. पण इथे एक मेख आहे. हा स्वयंसेवक नकाशा तपासतो. तो काही कसब्यात येऊन भिंत बघत नाही. परवानगी आहे, असं तुम्ही फॉर्म भरताना सांगता आणि त्या क्षणी सगळी जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. ‘साइटने अप्रूव्ह केलंय’ हे वाक्य पोलीस चौकीत चालणारं नाही.

आता ‘पब्लिक जागा आहे, कुणाला विचारायचं?’ या युक्तिवादाकडे येऊ. हा खेळ जिथे वाढला त्या अमेरिकेत सरकारी जमीन अफाट आहे, आणि तिथेही हा युक्तिवाद टिकला नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी सुरुवातीलाच डब्यांना मनाई केली. आधार घेतला तो एका जुन्याच नियमाचा: उद्यानात कुठलीही वस्तू चोवीस तासांपेक्षा जास्त बेवारस सोडायची नाही. पुढे ते थोडे सैल झाले आणि निर्णय त्या त्या उद्यानाच्या अधीक्षकावर सोपवला गेला. अनेक राज्य-उद्यानांत साधा परवाना मिळतो. माळराना-वाळवंटाच्या ज्या केंद्रीय जमिनी आहेत तिथे छोट्या, बिगरधंदेवाईक खेळाला फारशी आडकाठी नाही, पण त्यातलाच जो भाग ‘वन्य’ म्हणून राखीव आहे तिथे डबा ठेवू देत नाहीत. म्हणजे ‘सरकारी’ या एका शब्दाखाली चार जमिनी आणि चार धोरणं. खेळाडूंनी कुरकुर केली, अधिकाऱ्यांशी बोलले, काही ठिकाणी बंदी उठवून घेतली. पण विचारायचं कुणाला, हे तिथे माहीत असतं.

कसब्यात नेमकं हेच माहीत नसतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून चालायला लागा. शनिवारवाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे. रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलात की लाल महाल; आज उभी असलेली इमारत महापालिकेने गेल्या शतकाच्या शेवटी नव्याने बांधलेली, तेव्हा ती महापालिकेची. आत वळलात की कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. तिथे देवस्थानाचा कारभार. फडके हौदाच्या बाजूला गेलात तर २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेलं कसबा पेठ मेट्रो स्टेशन. तिथे महामेट्रो आणि तिची सुरक्षा. आणि या सगळ्यावर नजर ठेवणारं फरासखाना पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. पाच-दहा मिनिटांच्या चालीत चार-पाच मालक, आणि प्रत्येकाचे कायदे वेगळे. ‘पब्लिक जागा’ असा एकच शब्द यातल्या कशालाही नीट बसत नाही.

यातला शनिवारवाडा सगळ्यात सरळ आहे: तिथे डबा नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित वास्तूला इजा करणं, तिच्यात बदल करणं, ती विद्रूप करणं हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘पण आम्ही कुठे इजा करतोय? दगडाच्या फटीत छोटी डबी तर ठेवतोय.’ मान्य. तुम्ही ठेवलीत. पण ती शोधायला येणारा पहिला, दुसरा, चाळिसावा माणूस कुठला दगड हलवून बघणार आहे, हे तुमच्या हातात आहे का? खेळाचं मर्मच असं आहे, की जिथे डबा नाही तिथेही लोक हात घालणार.

याच कायद्याची दुसरी बाजू कसब्यातल्या लोकांना जास्त जाचते. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण. शनिवारवाड्याला लागून असलेले कित्येक जुने वाडे त्यामुळे अडकून पडलेत. पाडून नवं बांधता येत नाही, आणि साधी डागडुजी करायची तरी रीतसर परवानगी काढावी लागते. आता त्या घरातल्या काकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्यांना आपल्याच घराची पडकी भिंत उभी करायला अर्ज करावा लागतो, त्यांच्याच भिंतीला कुणीतरी न विचारता चुंबकाची डबी चिकटवून जातो आणि तिचा पत्ता जगाला सांगतो. राग येणार नाही का?

खरं तर कसब्यातला सगळ्यात अवघड प्रश्न सरकारी जागांचा नाहीच. तो मधल्या जागांचा आहे. अमेरिकेतले नियम जमीन दोन भागांत वाटतात, सरकारी आणि खासगी. आपल्या पेठेत या दोन्हींच्या मधे एक मोठा पट्टा आहे. घराचा ओटा. बोळाच्या तोंडाशी असलेलं शेंदूर लावलेलं देवाचं छोटं कोनाडं. पिंपळाभोवतीचा पार. मंडळाचं कार्यालय आणि त्यासमोरचा फळा. दोन वाड्यांमधली बोळवजा वाट, जिथून सगळे जातात पण जी नकाशावर कुणाच्या नावे आहे हे वकिलालाच ठाऊक. कागदावर बघायला गेलात तर ओटा खासगी असेल किंवा रस्त्यावरचं अतिक्रमणही असेल. पण व्यवहारात त्याला एक राखणदार असतो. पारावर रोज झाडणारी मावशी असते. कोनाड्यात दिवा लावणारी आजी असते. मंडळाचा कार्यकर्ता असतो, ज्याला त्या फळ्यावरचा खिळासुद्धा आपला वाटतो. वाड्यात आठ भाडेकरू असतील आणि मालकीवर चुलत भावांचा दावा चालू असेल. मग परवानगी कुणाची घ्यायची? कागदावरच्या मालकाची, की जो तिथे राहतो त्याची?

आमचं मत विचाराल तर दोघांची, आणि आधी राहणाऱ्याची. वेबसाइटच्या नियमात ‘मालक किंवा सांभाळणारा’ असा शब्दप्रयोग आहे ना, तर पेठेत सांभाळणारा हा शब्द शब्दशः घ्यावा. जो झाडतो, जो दिवा लावतो, तो सांभाळणारा. त्याला विचारायला अर्ज लागत नाही. चप्पल काढून दोन मिनिटं बसावं लागतं. आणि धोकादायक वाड्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका. दर पावसाळ्याआधी महापालिका अशा वाड्यांना नोटिसा देते त्या काही हौस म्हणून नाही. ज्या भिंतीखालून माणसं हलवायला सांगितलीयेत, तिच्या फटीत हात घालायला तुम्ही अनोळखी पोरांना बोलावणार, हे खेळात बसत नाही.

यात तंत्राचीही एक अडचण आहे आणि ती फार कुणी लक्षात घेत नाही. उघड्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत नेमका असतो. पण कसब्यातल्या अरुंद बोळात, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली भिंती असताना, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक कितीतरी वाढते. रानात दहा-पंधरा मीटरची चूक म्हणजे आणखी दोन झुडपं शोधायची. पेठेत तेवढी चूक म्हणजे दुसऱ्याचंच घर! तुम्ही जोशीकाकूंची परवानगी घेतलेली असते आणि येणारा शोधतो शेजारच्यांच्या ओट्याखाली, मीटरच्या पेटीमागे, पाण्याच्या पाइपजवळ. म्हणजे परवानगी एका घराची आणि त्रास तीन घरांना.

आणि मगलांच्या नजरेत न येण्याचं म्हणाल तर ते कसब्यात विसरा. इथे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कुठल्या ना कुठल्या गॅलरीत कुणीतरी उभं असतंच. अनोळखी माणूस बोळात दोनदा आला की तिसऱ्यांदा ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न येतो. तो खवचटपणा नाही, तीच इथली सुरक्षाव्यवस्था आहे.

सुरक्षेचा हा मुद्दा इथे हसण्यावारी नेता येत नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेत स्फोट झाला आणि १७ जण गेले. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक कमी तीव्रतेचे स्फोट झाले. १० जुलै २०१४ ला स्फोट झाला तो तर फरासखाना पोलीस ठाण्याच्याच आवारात, उभ्या केलेल्या मोटारसायकलमध्ये. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते, काही शाळेतही नव्हते. पण या भागातल्या दुकानदारांना, पोलिसांना, फुलवाल्यांना ते सगळं आठवतं. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा’ हे वाक्य इथे भिंतीवरची सूचना नाही, अनुभव आहे. अशा जागी कुणीतरी इकडेतिकडे बघत खाली वाकतो, काहीतरी काढतो, पुन्हा ठेवतो, मोबाइलमध्ये बघत निघून जातो. बघणाऱ्याने काय समजायचं?

हे नुसतं कल्पनेतलं भय नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी नावाच्या छोट्या गावात अगदी हेच घडलं. मुख्य रस्त्यावर कुणीतरी संशयास्पदपणे एक डबा ठेवताना दिसला म्हणून पोलिसांना कळवलं गेलं. रस्ता बंद झाला, दुकानं रिकामी झाली, लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि डबा नियंत्रित स्फोट करून उडवून दिला. आत होता जिओकॅश. तेव्हापासून शहरात डबा ठेवायचाच तर तो पारदर्शक हवा आणि बाहेरून ठळक लेबल हवं, हा आग्रह वाढला. वेदरबीत जे झालं ते फरासखान्याच्या परिसरात, गणपतीच्या दहा दिवसांत झालं तर काय होईल याचा विचार करून बघा. मानाच्या पहिल्या गणपतीसमोरची गर्दी, बॉम्बशोधक पथकाची रोजची तपासणी, आणि कुणाच्या तरी ओट्याखाली चिकटपट्टी गुंडाळलेली काळी डबी. गर्दीत एकदा ‘बॉम्ब’ असा शब्द पसरला तर डब्यात काय होतं हे नंतर कळून काही उपयोग नाही. तेव्हा उत्सवाच्या काळात, आणि पोलीस ठाणं, मेट्रो, रुग्णालय, शाळा यांच्या आसपास तर कधीच, खरा डबा ठेवू नये. इथे ‘परवानगी मिळाली तर?’ असा प्रश्नही आम्ही विचारणार नाही.

एक जुना कायदा मात्र वाचून हसू येतं. इंग्रजांनी १८७८ मध्ये केलेला गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. त्याच्या व्याख्येप्रमाणे जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, दडवलेली कुठलीही किमतीची वस्तू म्हणजे गुप्तधन. आणि ते दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं! म्हणजे वाड्याच्या भिंतीत लपवलेल्या डब्यात वीस रुपयांची कीचेन असली, तर अक्षरशः वाचायचं झाल्यास तुमच्या मित्राला कीचेन घेऊन कलेक्टर कचेरीत जावं लागेल. कुणी जाणार नाही आणि कुणी पकडणारही नाही, हे उघड आहे. पण आपल्या कायद्यांनी ‘लपवलेली वस्तू’ म्हटल्यावर खजिना डोळ्यांसमोर आणलाय, खेळ नाही, एवढं यातून कळतं.

खणण्याबद्दलही दोन शब्द. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ज्या पुण्य आणि पुनक विषयांची नावं येतात, त्या नावाच्या गावाचा सगळ्यात जुना गाभा म्हणजे हे कसबा. इथली माती म्हणजे वस्तीवर वस्तीचे थर. खापराचा तुकडा कुठल्या थरात सापडला यावरून अभ्यासक काळ ठरवतात. तो एकदा उपसून इकडचा तिकडे झाला की वाचता येत नाही. डबीसाठी खुरप्याने केलेला वीतभर खड्डा तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण कसब्यात खुरपं चालवायचंच नाही.

कसबा नको तर गडावर जाऊ, असं म्हणणारे असतीलच. पण तिथेही मोकळं रान नाही. शिवनेरी, लोहगड, रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. बाकीचे अनेक किल्ले राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली. काहींभोवती वनखात्याची जमीन. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड आहेत. गडांवर कितीतरी ठिकाणी चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती आहेत. ब्रिटनमधल्या जिओकॅशिंग संघटनेने अशा कोरड्या रचीव भिंतींत डबा ठेवायला साफ मनाई केलीये, आणि तिथल्या भिंती बहुतेक शेताच्या बांधाच्या आहेत. आपल्या तर तटबंदीच्या! भीमाशंकरसारख्या अभयारण्यात प्रकरण आणखी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात कचरा टाकायलाच बंदी आहे, आणि प्लास्टिकचा डबा मागे सोडून येणं याला वनरक्षक दुसरं काय म्हणणार?

बाहेर शिकायला गेलेली तुमची भावंडं सुट्टीत येताना गॅजेट्स आणतात, म्हणून जाता जाता एक सूचना. साध्या जीपीएस यंत्राची गोष्ट वेगळी, पण उपग्रहावरून मेसेज पाठवणारी जी यंत्रं परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात, ती भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला नेमकं याच कारणाने अडवलं गेलं होतं. दिसायला दोन्ही यंत्रं सारखीच, तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

मग खेळायचंच नाही का? खेळायचं की! उलट कसब्याइतकी या खेळाला लायक जागा पुण्यात दुसरी नाही. फक्त डब्याशिवाय. जिओकॅशिंगमध्ये असे प्रकार आधीपासून आहेत, ज्यांत काहीही लपवायचं नसतं. जागेवर जायचं, तिथे आधीपासून असलेलं काहीतरी बघायचं आणि उत्तर पाठवायचं. २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे, तो भूगर्भाबद्दल असतो आणि अमेरिकेतल्या भूगर्भशास्त्रज्ञांची संस्था त्याच्याशी जोडलेली आहे. आपल्या पायाखाली आणि वाड्यांच्या जोत्यांत तर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड आहे. शनिवारवाड्याचं जोतं दगडी आणि वरचं बांधकाम विटांचं का, दगडातली पांढरी गोटी कशाची, हे रस्त्यावर उभं राहून, कशालाही हात न लावता विचारता येतं.

तांबट आळीचंच बघा. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी घडतात. भांड्यावर एकसारखे ठोके देत जाण्याला मठारकाम म्हणतात. आता कोडं असं घाला: ‘ठोक्यांचा आवाज येईल त्या दिशेने जा, आणि ज्याच्यावर ठोके पडतायत त्या भांड्याचं नाव विचारून या.’ हे उत्तर गूगलवर नाही. ते मिळवायला कारागिराशी बोलावं लागतं, त्याच्या कामाच्या वेळेचा मान ठेवावा लागतो, आणि जमलं तर एक तांब्या विकत घ्यावासा वाटतो. कसबा गणपतीपासून लाल महालापर्यंत, तिथून तांबट आळीपर्यंत, कुंभारवाड्यापर्यंत अशी सात-आठ कोडी गुंफली तर अख्खी संध्याकाळ जाते. शेवटी खरा डबा हवाच असेल, आणि हवासा वाटतो हे खरंच आहे, तर तो एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यामागे ठेवा. शोधणाऱ्याने येऊन ठरलेला शब्द सांगायचा, दुकानदाराने डबा काढून द्यायचा. परदेशात वाचनालयांतून असे डबे ठेवले जातात. डबा बेवारस राहत नाही, आणि पोलिसांनी विचारलं तर उत्तर द्यायला माणूस असतो.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावलं पाहिजे. पोरांनी परवानगी घ्यावी, असं म्हणणं सोपं आहे. पण घ्यायची कुठे? कॉलेजचा एखादा गट उद्या कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात गेला आणि ‘आम्हाला लाल महालासमोरच्या बागेत सहा महिने एक डबा ठेवायचाय’ म्हणाला, तर त्याला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं जाईल आणि शेवटी ‘असलं काही नसतं’ हे ऐकून तो बाहेर पडेल. ‘नाही’ म्हणायला अधिकाऱ्याला काहीच लागत नाही. ‘हो’ म्हणायला त्याच्याकडे नियम नाही. मग मुलं काय करतात? न विचारता ठेवतात. मनाईतून सुरक्षा येत नाही, लपवाछपवी येते, आणि लपवाछपवीतूनच वेदरबी घडतं.

हेरिटेज वॉकला महापालिकेनेच हात दिला होता, मग हे का जमू नये? मोठं धोरण नको, समिती नको. महापालिकेच्या हेरिटेज विभागाने आणि उद्यान विभागाने मिळून एक पान काढावं. त्यात दोन याद्या असाव्यात: जिथे कधीच नाही अशा जागांची, आणि जिथे विचारून चालेल अशा बागा, वाचनालयं, क्रीडासंकुलं यांची. एक अर्ज असावा आणि पंधरा दिवसांत हो-नाही कळावं. मंजुरीची प्रत जवळच्या पोलीस ठाण्याला जावी, म्हणजे कुणी फोन केला तर तिथल्या हवालदाराला डब्याचा नंबर वहीत सापडेल. अर्जात फार काही नको: ठेवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल, कॉलेजचं पत्र, डब्याचा फोटो, नेमकी जागा, शेजारच्या दोन घरांची किंवा दुकानांची सही. आणि एक रकाना, जो न भरल्यास अर्ज घेऊच नये: डबा कोणत्या तारखेला काढणार, आणि तोवर तुमचं कॉलेज संपलं तर तुमच्या जागी तो काढायला कोण येणार.